मागचं अंगण आणि स्वयंपाकघरातली भेग

काकूंनी मला बोलावलं ते झोपाळ्यासाठी. एप्रिल 2023. इंदूरला लोकमान्य नगराजवळ तीस बाय पन्नासचा प्लॉट, 1984 साली बांधलेलं एकमजली घर, एका बाजूला तीन फुटांची गल्ली, पुढं बोरिंग आणि मागं तीस बाय बारा फुटांचं अंगण. कोपऱ्यात काकांच्या वडिलांनी लावलेलं जांभूळ. बाकी सगळी उघडी काळी माती. तिला पडलेल्या भेगा अशा की माझी फूटपट्टी एकीत निम्म्याहून जास्त आत गेली.

काकूंच्या डोक्यात चित्र तयार होतं: झोपाळा, त्याच्यामागं मधुमालती, हिरवळीचा एक तुकडा आणि बाकी सगळी स्वच्छ फरशी. पुण्याच्या भाच्यानं भिंतीवर टांगायच्या कुंड्यांचे फोटो पाठवून ठेवले होते. एका ठेकेदारानं तर हिशेबाचा कागदच दिला होता. सगळीकडे पेव्हर ब्लॉक, मध्ये प्लास्टिकचं गवत, 48,000 रुपये, आठ दिवसांत काम खलास. "आठ दिवसांत म्हणे, बघ," काकू पोह्यांवर शेव घालता घालता म्हणाल्या, "आता तू सांग."

मी घरांची किरकोळ दुरुस्ती आणि बागा असं मिश्र काम करते. अशी अंगणं वर्षाला पाच-सात तरी बघते. या घराचं सविस्तर लिहायला घेतलं त्याला दोन कारणं. एक म्हणजे इथं बागेचं दुखणं बागेत नव्हतंच. दुसरं म्हणजे मधली एक चूक सरळसरळ माझी होती.

आधीचे तीन प्रयोग

पहिला प्रयोग लॉनचा. पावसाळ्यात अंगणात पाणी साचलं, मुळं कुजली, आणि जे उरलं ते पुढच्या मे महिन्यात करपलं.

दुसरा लाल मातीचा. काळ्या मातीत काही येत नाही, असं कुणीतरी सांगितलं आणि काकांनी एक ट्रॉली लाल माती आणून सहा इंच पसरली, वर गुलाब लावले. पावसाचं पाणी लाल मातीतून झरझर खाली गेलं आणि काळ्या थरावर जाऊन अडलं. गुलाब दोन महिने परातीत उभे असल्यासारखे राहिले. काळ्या मातीला लोक उगाच नावं ठेवतात. याच मातीवर माळव्याचा गहू पिकतो. तिची खोड एवढीच की पाणी आत घ्यायला ती वेळ लावते, आणि एकदा घेतलं की सोडत नाही.

तिसरा प्रयोग भाच्याचा. पश्चिमेच्या भिंतीवर प्लास्टिकच्या चोवीस कुंड्या. नऊ इंची विटांची भिंत दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहते. त्या भिंतीला टेकून मूठभर मातीतलं रोप आणि पाणी एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यातच सगळं वाळलं. नर्मदेचं पाणी इथं 1978 पासून येतं, तेही सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ पंपांनी चढून. इतक्या लांबून आणलेलं पाणी तापलेल्या प्लास्टिकमध्ये ओतायचं आणि तासाभरात उडून जाताना बघायचं, हे मला पटत नाही. 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर' ही म्हण इंदुरात अजून सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं नीर आता पाइपातून येतं एवढंच.

पाचाचं नाणं आणि पोस्टकार्ड

पाणी प्यायला आत गेले तर स्वयंपाकघरात कालनिर्णय भलत्याच जागी लटकलेलं. खिडकीच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर आणि तेही तिरकं. मी विचारायच्या आत काकांनी ते बाजूला केलं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून जमिनीकडे तिरपी गेलेली भेग, आणि तिच्या कडेनं पेन्सिलीच्या बारीक अक्षरांत तारखा. काका बँकेतून निवृत्त झालेले. नोंद ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मोजायला त्यांनी घरातलंच सामान वापरलं होतं. मे महिन्यात जुनं जाड पाचाचं नाणं आत जायचं. जूनअखेर फक्त रुपयाचं. ऑगस्टात पोस्टकार्डसुद्धा नाही. अशी चार वर्षं.

"दर दिवाळीला भरतो, दर उन्हाळ्यात उघडते," काका म्हणाले. मला झोपाळ्यासाठी बोलावलेलं असल्यामुळं भेग दाखवायचा त्यांचा विचार नव्हता.

भेग ऋतूप्रमाणं उघडते-मिटते याचा अर्थ भिंत हलत नाही, तिच्याखालची माती हलते. माळव्याची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती ज्या जातीची आहे तिला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. तिचे कण म्हणजे एकावर एक ठेवलेले पापड समजा. पाणी पापडांच्या मध्ये शिरतं, थप्पी फुगते. पाणी गेलं की बसते. आमच्या मिस्त्रींनी हेच एका वाक्यात सांगितलं: "बाईसाब, ये मिट्टी मकान को उठा के पटकती है."

सगळं घर एकदम उचललं आणि एकदम खाली ठेवलं तर भिंतीला फारसं कळणारही नाही. त्रास होतो तो एक कोपरा वर आणि दुसरा खाली गेला की. इथं अगदी तेच चाललं होतं. मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात अर्ध्या गच्चीचा पाइप थेट पायाशी पाणी सोडत होता. शेजारी भांडी घासायच्या मोरीचा जमिनीखालचा जुना नळ सांध्यात फुटलेला. आर.ओ.चं टाकाऊ पाणी बारीक नळीनं तिथंच. म्हणजे एक लिटर पिण्याचं पाणी निघालं की दोन-तीन लिटर पायाशी, रोज. उजव्या कोपऱ्यापासून नऊ फुटांवर जांभूळ, आणि ते उन्हाळाभर तिथली ओल ओढून घेत होतं. एक कोपरा बारमाही भिजलेला, दुसरा उन्हाळाभर तहानलेला, आणि स्वयंपाकघराची खिडकी बरोबर दोघांच्या मध्ये.

या अंगणावर पेव्हर ब्लॉक घातले असते तर पहिल्याच पावसाळ्यात ते लाटेसारखे उठले असते, आणि पावसाचं राहिलेलं पाणीही भिंतीकडेच पळालं असतं. ठेकेदार लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याला अंगण विचारलं होतं, त्यानं अंगण सांगितलं.

दोन साध्या परीक्षा केल्या, त्या कुणीही घरी कराव्यात. अंगणात फूटभर खड्डा खणला, संध्याकाळी एकदा भरून जिरू दिला, मग पुन्हा काठोकाठ भरला. सकाळी पाणी दोन बोटं उतरलं होतं. याचा अर्थ इथं नुसता शोषखड्डा खणला तर त्याचं डबकं होणार. दुसरी परीक्षा काचेच्या बरणीची. मूठभर माती, भरपूर पाणी, झाकण लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ तासा-दोन तासांत. आमच्या बरणीतलं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. भिंतीला धोका नाही ना, हे मात्र एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घेतलं. ते काम बागवाल्यानं अंदाजानं करायचं नसतं.

पाण्याची वाट

काकूंना मी सांगितलं की झोपाळा शेवटी. त्या रागावल्या. दोन दिवस फोन नाही. मग काकांचा आला: "ये गं, ती तयार आहे. पण जांभूळ तोडायचं नाही म्हणते."

तोडायचं नव्हतंच. काकांच्या थोरल्या भावांचा मात्र हट्ट होता की झाडच मुळाशी आहे, काढून टाका. पालिकेच्या परवानगीचा प्रश्न वेगळाच, पण परवानगी मिळाली असती तरी मी नको म्हटलं असतं. चाळीस वर्षांचं झाड एकदम काढलं की ते ओढत असलेलं पाणी मातीतच राहतं, आणि तो कोपरा पुढची काही वर्षं फुगत राहतो. बसलेली भिंत मग उचलली जाते. आम्ही हिवाळ्यात रीतसर विचारून फांद्यांचा साधारण पाव भार हलका करायचं ठरवलं, तेवढंच.

गच्चीच्या पाण्याचा हिशेब इंचांत मांडला, कारण इंदुरात पाऊस अजून इंचांतच मोजतात. मागं उतरणारी गच्ची साधारण 405 चौरस फूट. तिच्यावर एक इंच पडला की साडेनऊशे लिटर. इंदूरला वर्षाला सरासरी 37-38 इंच, म्हणजे सुमारे 35,000 लिटर पाणी दर पावसाळ्यात पायाच्या एकाच कोपऱ्याशी ओतलं जात होतं. हा आकडा ऐकल्यावर काकांनी चष्मा काढून पुसला.

पाइप तिथून काढला आणि गल्लीच्या कंपाउंड भिंतीवरून अंगणाच्या पार टोकाला नेला. तिथं विटांच्या चौथऱ्यावर हजार लिटरची काळी टाकी. एक इंच पाऊस, एक टाकी, हिशेब जवळजवळ जुळतो. टाकी भरली की वरचं पाणी गल्लीतूनच पुढं, गिट्टी-वाळूच्या गाळणीतून बोरिंगच्या रिचार्जला, म्हणजे जमिनीखालच्या पाण्यात भर घालायला. या गाळणीत फक्त गच्चीचं पाणी सोडायचं, अंगणाचं कधीच नाही. मोसमातले पहिले दोन पाऊस व्हॉल्व्ह उघडून बाहेर जाऊ द्यायचे, कारण ते पाणी म्हणजे वर्षभराची धूळ आणि कबुतरांची कृपा. बोरिंगला यानं किती फायदा झाला याचा दावा मी करत नाही. माझ्या दृष्टीनं ते पाणी भिंतीपासून दूर गेलं यातच काम झालं. मध्य प्रदेशात 140 चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला छतावरचं पाणी जिरवणं बंधनकारक आहे. हा प्लॉट 139 निघाला. घर जुनं असल्यानं नियम तसाही लागू नव्हता, पण काकांनी कॅल्क्युलेटरवर तो आकडा दोनदा करून पाहिला.

मोरीचा फुटका नळ बदलून पाणी भिंतीपासून आठ फूट लांब, गिट्टी भरलेल्या उथळ चरात सोडलं. चराच्या तोंडाशी कर्दळ, मग केळ, शेवटी अळू, आणि जास्तीचं पाणी गटारात. यात नवीन काहीच नाही. काकूंच्या देवासच्या आजोळी न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू होतंच. आर.ओ.चं पाणी मात्र झाडांना घालू दिलं नाही. सगळे क्षार त्यातच साठतात. ते आता बादलीत जमतं आणि फरशी पुसायला जातं.

मे महिन्यातली चूक

भिंतीलगत तीन फूट रुंद कोटा फरशीचा पट्टा घालायचा होता, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला. त्यानं पायाजवळची माती पावसात भिजत नाही आणि उन्हाळ्यात तडकत नाही. हे काम मी मे महिन्यात उरकलं. काकू घाईत होत्या, मिस्त्री मोकळे होते, आणि पावसाआधी पट्टा झालेला बरा असं मलाही वाटलं.

मे महिन्यात काळी माती वर्षभरातली सगळ्यात आक्रसलेली असते. मी तिच्यावर फक्त चार इंच मुरूम टाकून फरशी बसवली. उतार एक इंचाचा दिला होता. ऑगस्टात बाहेरची कड सव्वा इंच उचलली गेली. म्हणजे पाणी भिंतीपासून लांब न्यायला घातलेला पट्टा ते पाणी भिंतीकडे वळवू लागला. सप्टेंबरच्या मध्यात इंदूरला दोन दिवस जो पाऊस कोसळला, त्यात मी छत्री घेऊन मागच्या दारात उभी राहून हे डोळ्यांनी पाहिलं. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा दिला, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नोव्हेंबरमध्ये ओल ना जास्त ना कमी अशी झाली, तेव्हा फरशी उचलली. दीड फूट काळी माती तगाऱ्या भरभरून बाहेर काढली, तिच्या जागी मुरूम थरांनी भरला, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकला. न फुगणाऱ्या मुरमाचा चांगला जाड थर वर असला की खालच्या काळ्या मातीची उसळी दबते. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी कालव्यांसाठी हेच तंत्र बसवलं होतं. मला ते ठाऊक होतं. चार हजार वाचवायला मी थर पातळ केला. फरशी आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटनं न भरता डांबरी मसाल्यानं भरली, म्हणजे दोघांना आपापलं हलायला मोकळीक राहते. दुसऱ्यांदा उतार दीड इंच ठेवला. तो अजून टिकून आहे.

पहिल्या पावसाळ्यातली दुसरी फजिती लहान होती. जांभळाच्या पानांनी गच्चीवरची जाळी तुंबली आणि पाणी गल्लीतून शेजाऱ्यांच्या दारात. आता जूनपासून काका रोज सकाळी दात घासत गच्चीवर जातात.

पानं

जांभळाची पानं काकू झाडून कचरागाडीत देत असत. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, यात इंदूरकरांना शिकवायला जाऊ नये. पण ही पानं देऊन टाकायची आणि वर खताची पिशवी विकत आणायची, हा इंदुरात तरी जरा विनोद आहे. जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखलं जाणारं खत याच शहरात तयार झालं. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 साली इथं वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली, आणि तिथं यशवंत वाड या मराठी सहकाऱ्याबरोबर ही पद्धत बसवली. दोघांचं पुस्तक 1931 साली आलं. हॉवर्ड यांचं नाव सगळीकडे राहिलं. वाडांचं इंदूरच्या मराठी घरांतही कुणाला माहीत नसतं. मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे आपलाच माणूस!" आणि खताच्या खड्ड्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

मूळ पद्धत शेतासाठी मोठ्या खड्ड्यांची आहे. आम्ही तीन फूट लांबी-रुंदीचा विटांचा जाळीदार हौद केला. पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणाचा पातळ काला, मूठभर राख, थोडी माती, पुन्हा पालापाचोळा. तीन महिन्यांत तीनदा उलथायचं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. जांभळाचं पान जाड, सरळ टाकलं तर सहा महिने जसंच्या तसं निघतं; गोणीत भरून पायानं तुडवून टाकलं की लवकर कुजतं. काकांचा पहिला ढीग गरमच झाला नाही, कारण शेण कमी पडलं होतं. दुसऱ्यात हात घालवेना.

हेच खत आणि अंगणातली काळीच माती मिसळून कंपाउंडच्या बाजूला फूटभर उंच वाफे केले. वाळू अजिबात घातली नाही. चिकणमातीत थोडी वाळू घातली की वीट तयार होते, हे लोक पैसे घालवून शिकतात. लिंबू उंचवट्यावर, कारण त्याला पायाशी पाणी चालत नाही. कढीपत्ता, गवती चहा, मोगरा, पारिजातक, दसऱ्यापुरता झेंडू. जास्वंदीचा काकूंचा हट्ट होता. तिची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, चुनखडीच्या मातीत लोह तिला मिळत नाही म्हणून. तिला कुंडीत हलवली. लिंबू आणि पारिजातकाजवळ पाणी झिरपणारं एकेक भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. नळ एक दिवसाआड, मडकंही साधारण तेवढ्याच वेळात रिकामं होतं, त्यामुळं काकूंना वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. पश्चिमेच्या भिंतीपासून फूटभर अंतर सोडून लोखंडी जाळी उभी केली आणि तिच्यावर जमिनीत लावलेली मधुमालती. भिंत आणि वेल यांच्यामधून वारा खेळतो. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या भिंतीआडच्या खोलीत संध्याकाळी बसता येऊ लागलं.

हिशेब

टाकी 7,000, पाइप आणि गाळणी 9,000, फरशीचा पट्टा 14,000, वाफे आणि हौद 8,000, रोपं 2,400. पट्ट्याच्या दुरुस्तीचे 6,500 मी माझ्या फीतून वजा केले. झोपाळ्याचे पैसे भाच्यानं दिले, आणि तो जांभळाखाली नाही, केळीच्या बाजूला मुरमाच्या चौथऱ्यावर बसवला. जांभळाखाली जूनमध्ये बसायचं म्हणजे साडी जांभळी होते.

भेग भरायची नाही, असं मी काकांना वर्षभर सांगत राहिले. भरली की ती बोलायची बंद होते. गुढीपाडव्याला पाहुणे आले तरी कालनिर्णय तिथंच, कमरेच्या उंचीवर, तिरकं.

मे 2024 मध्ये पाचाचं नाणं आत गेलं नाही; रुपयाचं गेलं, घासून. मे 2025 मध्ये मी स्वतः गेले होते. रुपया बाहेरच अडला. काकांनी टेबलाच्या खणातून जुनं पोस्टकार्ड काढलं, कोपरा आत सरकवला आणि ते तिथंच अडकलं. ओढलं तर फाटायला लागलं. "राहू द्या आता," काकू म्हणाल्या आणि वरून कालनिर्णय सोडलं.